दुरुक्याचा पाहुणा

मालाकाई येणार म्हटल्यावर माझ्या नवऱ्याने पहिलं काम काय केलं, तर दुकानातून डब्यातल्या मांसाचे दोन डबे आणि साखरेची पिशवी आणून चटईखाली लपवली. चटईला उंचवटा आला. मी मुद्दाम त्या उंचवट्यावर जाऊन बसले.

"ऊठ, सेनिमिली," एमोसी म्हणाला.

"का? माझ्याच घरात मला बसायची चोरी?"

"पाहुण्याला पाला घालणार आहेस का तू? गाव म्हणेल, एमोसी भिकेला लागला."

"म्हणू दे. तुझा अंगठा कापला तेव्हा गाव नव्हतं आलं. माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडत होतास."

त्याची नजर चटईच्या उंचवट्यावरून हटली नाही.

रक्तातली साखर वाढून उजव्या पायाचा अंगठा गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. नर्सबाईंनी तोंडावर सांगितलं होतं, खाणं असंच राहिलं तर आता पाय जाईल. त्या दिवशी मी ठरवलं, माझ्या चुलीवर आता जमिनीतून उगवेल आणि समुद्रातून येईल तेच शिजेल. वर्षभर तसंच शिजवलं. हा घरी तोंड वाकडं करून दोन घास खायचा आणि बहिणीकडे जाऊन गोड चहात पाव बुडवायचा. मी हट्टी आहे, पण हा माझा बाप निघाला. त्याचा पाय वाचवायचा तर आधी त्याच्या जिभेशी लढावं लागणार, आणि ती काही माझं ऐकत नव्हती.

मालाकाई म्हणजे नवऱ्याचा तौवू. दोन गावांचा मूळ पूर्वज एक असला की त्यांचं हे नातं लागतं. तौवूने घरात शिरून वाटेल ते उचलावं, वाटेल त्या शिव्या घालाव्यात. घरधन्याने फक्त हसायचं. नाही म्हणायचं नाही, रागवायचं तर मुळीच नाही. तौवूवर चिडलेल्या माणसाची नातवंडंसुद्धा गावात मान खाली घालून फिरतात. मालाकाई दरसाल दुरुक्याच्या दिवसांत येतो, कारण त्याच्या बेटावर दुरुका ही भाजी होत नाही. मागच्या खेपेला त्याने आमचा कोंबडा नेला होता, त्याच्या आधी एमोसीचा नवा सदरा.

सकाळी मी ओढ्याकाठी गेले. दुरुका उसासारखाच वाढतो, पात्याला तीच धार. पोटुशी झालेले शेंडे तेवढे कापायचे. दोन महिन्यांचा खेळ असतो; एकदा तुरा फुटला की संपलं, मग गुरंही तोंड लावत नाहीत. हात ओरबाडून निघाले, पण भारा भरला. घरी येऊन पानं सोलली. आतलं कणीस पांढरंशुभ्र, दाणेदार. दोन नारळ खवले. पातळ दुधात कणसं आणि कांदा शिजत घातला. घट्ट दूध शेवटी, आणि ते घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर फुटतं. शेजारच्या भांड्यात अळू रटरटत होता. एमोसी वास घेत आला आणि झाकणाला हात घातला. मी पळी हाणली.

"मध्येच झाकण उघडलं तर घसा खाजतो, ठाऊक नाही?"

"माझा तर बघूनच खाजायला लागलाय," तो म्हणाला आणि चटईकडे गेला. मी चुलीपाशी अडकलेली बघून त्याने एक डबा उघडला. त्याचा आवाज मला ऐकू आला. असा संताप आला की पळी फेकून मारावीशी वाटली, पण दूध फुटलं असतं.

तेवढ्यात धक्क्याकडून हाळी आली, "ए चिखलातल्या बेडका! आहेस का मेलास?"

"ये रे, खारवलेल्या माशा!" एमोसी ओरडला आणि हसत दारात गेला. आणि त्याचं हसू दारातच राहिलं.

मालाकाई कुबडी टेकत वाटेने येत होता. त्याच्या कमरेला गुंडाळलेल्या सुलूखाली एकच पाऊल दिसत होतं. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता.

"काय बघतोस?" तो म्हणाला. "चपलांचा खर्च निम्मा झाला. आत घे, भूक लागलीय. दुरुका केलायस ना गं, सेनिमिली? बोटीत सगळ्यांना सांगून आलोय."

मी वाढलं. दुरुका, अळू, ओढ्यातली कोळंबी आणि प्रत्येकाला एकेकच अळकुडी. एमोसीने लाजत लाजत तो उघडा डबा आणून पाहुण्याच्या पुढ्यात ठेवला. मालाकाईने डब्याकडे पाहिलं, उचलला आणि बसल्या जागेवरून बाहेर बांधलेल्या डुकराच्या दिशेने भिरकावला.

"त्याला चार पाय आहेत. त्याला परवडतं."

मग तो जेवला. बोटं चाटूनपुसून जेवला, तिसऱ्यांदा दुरुका मागितला. एमोसी भात चिवडावा तसा अळू चिवडत होता.

"तौवू," मालाकाईने हात धुतले, "यंदा काय नेणार, विचारलं नाहीस."

"डुक्कर ने. मोठं झालंय."

"डुक्कर नको. तुझा उजवा पाय दे."

एमोसी मोठ्याने हसला. मालाकाई हसला नाही. माझ्या हातात वाढायची करवंटी होती, ती तशीच राहिली.

"त्याला अंगठा नाही," एमोसी हळूच म्हणाला.

"चालेल. मला तर पायच नाही. देतोस, का तौवूला नाही म्हणतोस?"

नाही कसं म्हणणार? एमोसीने माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम छताकडे बघितलं.

"दिला," तो म्हणाला.

"बरं झालं. आता तो माझा. बोटीत न्यायला सोय नाही, म्हणून इथे ठेवून जातो. पण माझ्या पायाला साखर घालायची नाही, सांगून ठेवतो. दर दुरुक्याला येऊन बघून जाईन."

दुसऱ्या दिवशी तो दुरुक्याची मोळी घेऊन बोटीत बसला. जाताना मला म्हणाला, "तुझ्या हातचं हे असं मी दहा वर्षं आधीपासून रोज खायला हवं होतं." मी त्याच्यासमोर रडले नाही, बोट वळल्यावर रडले. आणि खरं सांगते, रागही आला. मी वर्षभर घसा कोरडा केला, आणि ह्याने एका जेवणात नेला की पाय!

संध्याकाळी एमोसीची बहीण चहाची किटली आणि पाव घेऊन आली. भावाचा चहा ती नेहमी स्वतः करायची, चार चमचे साखर घालून. एमोसीने पेला हातात घेतला, तोंडापर्यंत नेला. मी चुलीपाशी उरलेला दुरुका गरम करत होते. ठरवलं होतं, आज एक शब्द बोलायचा नाही.

त्याने सुलू बाजूला करून पायाकडे पाहिलं. मग पेला खाली ठेवला.

"का रे?" बहीण म्हणाली. "कमी पडली का साखर?"

"माझा पाय असता तर प्यायलो असतो," एमोसी म्हणाला. "पण लोकांची वस्तू आहे गं, सांभाळायला लागते." आणि ताट घेऊन चुलीपाशी येऊन बसला.