सातव्या ओळीतली चूक

आमच्या घरात चादर विणताना डाव्या कोपऱ्यात एक धागा मुद्दाम चुकवायचा. सासूबाई सातव्या ओळीत चुकवायच्या, धाकटी जाऊ नववीत. माझा हात आठवीकडे जाई. लिहिता कुणालाच येत नव्हतं, चूक हीच सही. गठ्ठ्यातून चादर ओढली की कळे, कुणाची ते.

आम्ही कंपनीच्या शेडमध्ये विणायचो; आधी कंपनी या चुकीपायी माल परत करायची. मग लांबच्या कुठल्याशा देशातल्या गिऱ्हाइकांना तीच आवडली. तपासनीस साहेब माझ्या मागाशी येऊन बसले.

"मावशी, ही चूक यंत्राला दाखवा. नाहीतर महिनाअखेर हातमागाच्या शेडला कुलूप."

"यंत्राला चुकायला शिकवायचं?" जाऊ म्हणाली. "आमच्या ह्यांना तर कुणी शिकवलंही नाही."

साहेब हसले. मला हसू आलं नाही. शेडमध्ये आम्ही अकरा बाया होतो.

डोक्यावर कॅमेरा लावून मी विणलं. सासूबाईंची आठवण दाटली, आणि धागा त्यांच्या सातव्या ओळीत चुकला.

शेड वाचली. शेजारच्या इमारतीतून यंत्राच्या चादरी निघू लागल्या. लेबल मी अक्षर अक्षर जुळवून वाचलं, 'प्रत्येक चादर वेगळी'. कोपऱ्यात मात्र सगळीकडे सातवी ओळ. माग आधीच कंपनीचा होता, आता चूकही तिची झाली.

जावेला तपासणीच्या टेबलावर बसवलं. एका दुपारी ती माझ्या दोन चादरी घेऊन आली. दोन्हींवर लाल शिक्का.

"जाऊबाई, नापास. चूक आठवीत आहे, नमुन्यात सातवीत."

"अगं, नमुना माझ्याच हातचा ना?"

"मला का माहीत नाही? पण पास केल्या तर माझी खुर्ची जाते." ती खालीच बघत होती. "तिसरी नापास झाली तर तुमचा माग काढून घेतील."

तिसरी विणायला बसले. ओळी मोठ्यानं मोजल्या. सातवी आली, हात पुढे सरकला आणि आठवीत चुकला. उसवलं. पुन्हा मोजलं, पुन्हा आठवी. तिसऱ्यांदा डाव्या हातानं उजवं मनगट धरून ठेवलं, तेव्हा सातवी साधली.

जावेनं चादर पास केली आणि यंत्राच्या गठ्ठ्यावर टाकली. वरून आणखी चार पडल्या.

"थांब, माझी एकदा बघू दे," मी म्हटलं.

पहिली उलटली, दुसरी उलटली. सगळा गठ्ठा उलटून झाला. माझी कोणती, ते मला सांगता येईना.