धुऱ्यावरचं वळण

अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर अड्याळला भरलेल्या मंडईच्या जत्रेत टेकचंद बायकोच्या लग्नाचं लुगडं नेसून नाचत होता, तेव्हा ती गेल्याची खबर घेऊन मंगरू आला.

मंगरू आसगावचा, टेकचंदच्या शेजारचा. सायकल बाभळीला टेकवून तो गर्दीच्या कडेला उभा राहिला. सुरुवातीचा गणपतीचा गण म्हणून झाला होता. एकदा गण झाला की दंडारीचा नाच मधे मोडत नाहीत, हे त्याच्या लहानपणापासून अंगात मुरलेलं. म्हणून तो थांबला. समोर टेकचंद आणि जागेश्वर यांची जोडी रंगात आली होती. जागेश्वर पुरुष, टेकचंद बाई. तोंडाला पांढरा रंग, कपाळाला कुंकू, आणि पाय जमिनीवरून न उचलता टेकचंद मागं मागं सरकत होता. लोक शिट्ट्या मारायचं विसरले होते. नाच संपला, पंचांनी बक्षिसाचा पितळेचा गुंड, पाण्याचं मोठं भांडं, जागेश्वरच्या हातात दिला, तेव्हा मंगरू पुढे आला.

"टेक्या, घरी चाल."

"काहून रे? गुंड पाह्यला का? तुळसा म्हणत होती, रिकाम्या हातानं आले तर जेवाले देत नाही."

मंगरू त्याच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहत राहिला. "धान कापताना साप चावला तिले. घरी आणलं, पण..."

वेष उतरवायचं कोणालाच सुचलं नाही. जागेश्वरने सायकल काढली, टेकचंद मागे बसला, गुंड त्याच्या मांडीवर. वाटेतल्या एका गावात पारावर बसलेला कोणीतरी हसत म्हणाला, "कोणाच्या घरची वो बाई? माहेरी चालली का सासरी?" जागेश्वर शिवी देणार होता, पण टेकचंदने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी बाया थांबल्या होत्या. सवाष्ण गेली की तिला लग्नाचं लुगडं नेसवून पाठवायचं असतं, आणि त्यांनी पेटी उचकून पाहिली तर लुगडं नव्हतं. कोणी म्हणालं, माहेरी राहिलं असेल. तेवढ्यात दारात टेकचंद उभा राहिला आणि सगळ्यांना समजलं ते कुठे होतं.

त्याची आई चंद्रभागाबाई पुढे आली. "बाबू," ती म्हणाली, "लुगडं दे तिचं."

तो न्हाणीत गेला, लुगडं सोडलं आणि बांबूच्या तट्ट्याच्या आडून हात बाहेर काढून दिलं. घामानं ओलं होतं. पदराला तोंडाचा पांढरा रंग लागला होता. तो धुवायला वेळ नव्हता, दिवस कलला होता. तसंच नेसवलं. जागेश्वरने दाराशी ठेवलेला गुंड कोणीतरी न विचारता उचलला आणि तिच्या आंघोळीचं पाणी त्यातूनच घेतलं.

टेकचंद मिसरूड फुटायच्या आधीपासून दंडारीत होता. तेव्हा दंडारीत बायका नाचत नसत, बाईचा वेष पुरुषच घेत, आणि त्याचं तोंड नाजूक म्हणून ते काम त्याच्याकडे आलं. मंडईत गावोगावच्या जोड्या उतरत. टेकचंद आणि जागेश्वर दर वर्षी सिहोऱ्याच्या जोडीकडून हरत. लग्नानंतरच्या मंडईत तुळसाने त्याला पहिल्यांदा नाचताना पाहिलं आणि घरी येईपर्यंत पदरात तोंड घालून हसत होती.

"काय झालं?"

"तुमी बाई नाही दिसत जी. लुगडं नेसलेला बैल दिसता."

तो रागावला. दोन दिवस बोलला नाही. मग स्वतःच म्हणाला, "मंग बाई चालते कशी, दाखव."

तिने दाखवलं. सकाळी सारवलेलं अंगण अजून ओलं असताना ती पुढे आणि तो मागे. तिचं सगळं शिक्षण रोवणीतलं, भातलावणीतलं. चिखलानं भरलेल्या बांधीत, भाताच्या खाचरात, कमरेतून वाकून धानाचे परे, म्हणजे रोपं, लावत बाया मागं मागं सरकतात, तीच चाल.

"पाय उचलाचा नाही. उचलला का चिखल उडते, लावलेले परे हलते. सरकवाचा. आन् मागं पाहाचं नाही."

"मंग बांधीच्या कडेचा धुरा आला ते कसं समजन?"

"पाठीले समजते."

"मह्या पाठीले तर काहीच समजून नाही राहिलं."

"तुमच्या पाठीले माराचीच आदत हाये, मास्तरच्या हातची." असं म्हणून ती पुन्हा हसली.

त्याला ते जमलं, पण वर्षं लागली. सिहोऱ्याची जोडी मागे पडली. लोक म्हणू लागले की टेकचंद नाचत नाही, वाहतो. भंडाऱ्याला सगळ्या जिल्ह्याच्या जोड्यांची स्पर्धा होणार होती, आणि अड्याळला जिंकलं की तिथे जायचं होतं. फक्त एक गोष्ट अडत होती. मागं सरकून झालं की नाच तिथेच संपत असे, जागेश्वर हात धरून थांबवत असे. बांधीतली बाई मात्र धुऱ्याशी थांबत नाही. ती तिथे वळते आणि दुसरी ओळ धरते.

मंडईच्या सकाळी तुळसा त्याला लुगडं नेसवत होती, तेव्हा त्याने विचारलं, "धुऱ्यावर कशी वळतेस?"

"ते वेगळं हाये," ती निऱ्या खोचत म्हणाली. "आता उशीर होऊन राहिला. मले बी कापाले जाचं हाये. मंडईहून या, मंग दाखवीन."

तुळसा गेल्यानंतर, भंडाऱ्याच्या स्पर्धेच्या आधी, जागेश्वर दोनदा येऊन बसला. दुसऱ्यांदा त्याने नवं लुगडं आणलं होतं, दंडार मंडळाने घेतलेलं.

"मी हात धरून थांबवतो ना नेहमीसारखा. लोकायले कुठं माहीत हाये वळाचं होतं म्हणून?"

"मले माहीत हाये," टेकचंद म्हणाला.

जागेश्वरने लुगडं खाटेवर ठेवलं आणि तो गेला. पुढे त्याने दुसरा जोडीदार पाहिला.

पुढच्या आषाढात टेकचंद रोवणीच्या बांध्यांवर जाऊन बसू लागला. बाया हसत. "भाऊ, पाहून काय राहिले? उतरा चिखलात, परे लावा." कौशल्याबाई गुडघ्यावर हात टेकून वळे. मनकर्णाबाई आधी धुऱ्यावर चढे आणि मग फिरे. प्रत्येकीचं वळणं आपलं होतं. त्यात तुळसाचं कोणतं असेल, ते त्याला सांगता येईना.

एके दिवशी त्याने आईला विचारलं, "माय, तुळसा धुऱ्यावर कशी वळे?"

चंद्रभागाबाई तांदूळ निवडत होती.

"मी कायले पाहू बाबू? सुनेच्या पायाकडं कोण पाहते?" मग हळू आवाजात म्हणाली, "तिच्या संग बांधीत तूच तर राहे."

तो राहत होता, खरं आहे. पऱ्यांच्या मुठी बांधून तिच्याकडे फेकत होता. पण तेव्हा पाहिलं नव्हतं.

आईही गेली त्याला आता काही वर्षं झाली. मंडई भरते, दंडारी येतात, टेकचंद घरीच असतो. अंगण मात्र तो स्वतः सारवतो, आणि ओलं असतानाच त्यावर उतरतो. मागं सरकणं अजून त्याला येतं. पाय उचलत नाही, वळून पाहत नाही, आणि तुळशीच्या ओट्याशी बरोबर थांबतो. तिथून पुढे कसं वळायचं, ते शिकायचं राहिलं आहे.