कडीवाल्या मामांचं पान

ऑनलाइन ज्ञानकोशातलं मामांचं पान संध्याकाळी पाचला उडणार होतं, आणि ग्रंथपाल भाची दुपारी तीनला त्यांच्या पलंगाखालची ट्रंक उपसत बसली होती.

मामा म्हणजे गावभर 'कडीवाले'. चाळीस वर्षं त्यांनी दारांच्या कड्या बनवल्या. ज्याला मामांची कडी नाही असं एक दार दाखवा बरं गावात! आता डोळे गेले, पाय गेले, कारखानाही बंद पडला. राहिलं हे पान, भाचीनेच लिहिलेलं. रोज सकाळी ती ते मोबाइलवरून वाचून दाखवायची. ते ऐकल्यावरच मामा दाढीसाठी गाल पुढे करायचे.

आठवड्यापूर्वी कुण्या परक्या संपादकाने त्यावर पाटी ठोकली: हा माणूस नोंद घेण्याजोगा आहे का? झाली चर्चा सुरू. नियम एकच, पण भारी खाष्ट. त्या माणसाबद्दल दुसऱ्या कुणीतरी आपणहून, पैसे न घेता, छापलेलं हवं. आपण भाची आहोत हे तिने आधीच कबूल केलेलं, त्यामुळे तिच्या शब्दाला तिथे कुणी विचारत नव्हतं. चौघांनी 'काढा' म्हटलं होतं. मामांना यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं.

"हे बघ गं," म्हणत मामींनी तळातून घडी केलेला कागद काढला. वर्तमानपत्राचं अख्खं पान! मामांचा फोटो, खाली बातमीदाराचं नाव. भाचीचा जीव भांड्यात पडला. मग उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत दिसलं: जाहिरात.

"मामा, हे पैसे देऊन छापलं होतं?"

"देऊन कसले, कोंबून!" मामा खूश झाले. "बातमीदार भला माणूस. आपणहून आला, चार दिवस कारखान्यात बसला, सगळं स्वतः लिहिलं. पैसे किती विचारलं तर म्हणे एक पैही नको. वा रे वा! मी उभ्या जन्मात कुणाचं फुकट घेतलं नाही. गेलो थेट कचेरीत. तिथला साहेब म्हणे, पैसे घेतले तर वर जाहिरात लिहावं लागेल. म्हटलं, लिहा की!"

"हट्ट मेला," मामी पुटपुटल्या.

"पानात घालायला फोटो काढते," म्हणत भाचीने मोबाइल धरला. दुसऱ्या हाताचा अंगठा आपसूक त्या कोपऱ्यावर गेला. बोटभर तर जागा. कुणाला कळणार होतं?

"कोपरा येतोय ना?" मामांनी विचारलं. "तो शब्द आलाच पाहिजे हं. नाहीतर लोक म्हणतील, कडीवाल्याने फुकटात मिरवून घेतलं."

तिने अंगठा काढला.

फोटो चर्चेत टाकल्यावर दहा मिनिटांत उत्तर आलं: ही तर जाहिरात आहे. तिने सगळी हकिगत लिहिली, फक्त पाया पडायची बाकी राहिली. पुरावा काय, असं त्यांनी विचारलं. बातमीदार तर केव्हाच वारला होता. 'वाईट वाटतं हो, पण नियम आहे,' संपादकाने लिहिलं. माणूस वाईट नव्हता, भांडायचं तरी कुणाशी? पाच वाजले आणि पान गेलं.

सकाळी मामा उशीला टेकून बसले. "वाच."

तिने मोबाइल उघडला. 'या नावाचं पान अस्तित्वात नाही.' मामी दारात उभ्या होत्या, त्यांना ठाऊक होतं. भाचीने घसा खाकरला आणि पाठ असलेलं म्हणू लागली. जन्म, कारखाना, पहिली कडी.

"कालच्या कागदाचं घातलंस का?"

"घातलं, मामा."

"मग वाच की."

रिकाम्या पडद्याकडे बघत ती म्हणाली, "त्यांनी उभ्या जन्मात कुणाचं काही फुकट घेतलं नाही."

मामांनी समाधानाने मान हलवली. "परत एकदा वाच."

तिने परत वाचलं. मामांनी दाढीसाठी गाल पुढे केला.