सातची प्रार्थना

अरे, मधे बोलू नका, ऐका! मी देव मानत नाही हे तुम्हाला माहितीये. आणि मला वाढवणारी माझी मावशी, शिवणकाम करते ती, रोज सकाळी सातच्या ठोक्याला प्रार्थना म्हणते. तीही खणखणीत! मी भिंतीपलीकडून ओरडायचे, "मावशी, वर कुणी ऐकत नाहीये, हळू म्हण!"

तर भूकंप झाला त्या दुपारी मी युनिफॉर्मचं गाठोडं द्यायला शाळेत गेले होते. धावत परत येते तर आमच्या बिल्डिंगचा ढिगारा, आणि मावशी आत. दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी हाका मारून घसा बसला, आतून हूं की चूं नाही. बचावपथकाचे साहेब म्हणाले, "पोरी, आता आम्हाला पुढच्या बिल्डिंगकडे जावं लागेल."

शेजारच्या काकू रडत म्हणाल्या, "अगं, निदान आता तरी हात जोड!"

"ज्यानं पाडलं त्याच्याच पाया पडू?" मी खेकसले. आणि एकदम डोक्यात वीज चमकली. किती वाजले? सातला दहा कमी!

"साहेब, सातला सगळी मशिनं बंद करा. पाचच मिनिटं! ती सातला प्रार्थना म्हणते!"

"तिला आत घड्याळ दिसतंय का?"

"तापानं फणफणली होती तेव्हासुद्धा तिची सातची वेळ चुकली नाही हो!"

त्यांनी हात वर केला. मशिनं थांबली. काकूंचं पुटपुटणं चालूच. मी म्हटलं, "काकू, प्रार्थना थांबवा, प्रार्थना ऐकायचीये!"

सात वाजले. काही नाही. सात-एक. सात-दोन. मी स्लॅबला कान लावून पडलेले. आणि खालून, अगदी बारीक, बेसूर... तीच ओळ रे! मी हात जोडले नाहीत, दोन्ही हात हलवत किंचाळले, "इथे! इथे खणा!"

दुपारी काढलं तिला. पाय मोडलाय, पण बाकी ठणठणीत आहे. घशात धूळ गेलीये म्हणून डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीये.

आज सकाळी सात वाजता तिनं माझी बाही ओढली. आधी घड्याळाकडे बोट, मग माझ्याकडे.

"मावशी, मी मानत नाही गं."

तिनं पुन्हा घड्याळाकडे बोट केलं. मग काय, म्हटली मी प्रार्थना! इतकी वर्षं भिंतीतून ऐकून तोंडपाठच झालीये. वॉर्डात लाज वाटत होती म्हणून आपली हळूच पुटपुटत होते. तर हिनं मला चिमटा काढला आणि हातानं खूण केली.

मोठ्यांदा!