आनंदराजने सोडलेल्या जागा

मी एक जुना, वायरवाला माईक आहे. लातूरला ताहेरभाईंच्या साउंड सर्व्हिसच्या दुकानात एका खोक्यात राहतो. माझी जाळी डावीकडून चेपली आहे, पण कान शाबूत आहेत. मित्रांनो, लोक म्हणतात माईक बोलतो. साफ खोटं! माईक ऐकतो. बोलतात ते स्पीकर, आणि ऐटही तेच करतात.

हैदराबादहून आणलं तेव्हा मी चकचकीत होतो. लग्नं झाली, कॉलेजची संमेलनं झाली, बक्षीस समारंभात साहेबांचे खोकलेही मुकाट ऐकले. पण माझा खरा मान ठेवला तो आनंदराजने. तो आणि त्याची बहीण बुद्धप्रिया यांची व्हिडिओ गेमची छोटीशी कंपनी होती. दरवर्षी हॉल घेऊन ते नव्या गेमची घोषणा करत. बहीण गेम खेळून दाखवी, तो मला हातात धरून बोले. गेल्या वर्षी गेम मध्येच अडकला. आनंदराज सात मिनिटं लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत राहिला आणि हॉल हसून हसून दमला. मला केवढा अभिमान वाटला! त्याला मात्र लाज वाटली.

"ताहेरभाई, पुन्हा फजिती नको," तो म्हणाला. "यंदा आधीच व्हिडिओ करून ठेवू."

"मग लोकं इचारतील कुणाला?"

"त्याची बी सोय करायलोय."

सोय अशी की, लोक दरवर्षी तेच चार प्रश्न विचारतात, म्हणून त्याने व्हिडिओतच प्रश्नांसाठी जागा सोडल्या. रेकॉर्डिंग दुकानामागच्या खोलीत झालं. "विचारा," म्हणून तो गप्प राही, मनात दहा मोजी आणि मग उत्तर देई. खोलीत कुणी नसताना तो समोर बघून मान हलवत होता. मला ते मुळीच आवडलं नाही.

पुढच्याच आठवड्यात शिरूर अनंतपाळच्या रस्त्यावर त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला. आनंदराज गेला.

घोषणेची तारीख ठरलेली होती. पुण्यानुमोदनाच्या विधीला चार दिवसही झाले नव्हते, तरी बुद्धप्रियाने व्हिडिओ लावला. आधी ती दोन शब्द बोलणार होती, पण ती माझ्यापर्यंत येऊन मागे फिरली. मी स्टँडवर तसाच चालू राहिलो.

पडद्यावर आनंदराज हसला. "मी समोरच हाय. विचारा."

हॉलमध्ये सगळ्यांना सगळं माहीत होतं. दहा अंक सरले.

"हाव, मोबाईलवर बी चालतंय. पुढचा प्रश्न?"

तेव्हा पहिल्या रांगेतून त्याची आई, सरजाबाई, उठून माझ्यापाशी आली. ती भोळी नव्हती. मुलाला मूठमाती तिच्यासमोरच दिली होती. पण त्याने विचारा म्हटलं होतं. तिचे ओठ माझ्या जाळीला टेकले.

"लई तरास झाला का रे, बाळा?"

"न्हाई," आनंदराज म्हणाला. "अजिबात न्हाई. लई सोपं हाय. पुढचा?"

बुद्धप्रिया व्हिडिओ बंद करायला लॅपटॉपकडे धावली, पण बटण न दाबताच तिने हात मागे घेतला.

"मग घरी कवा येतूस?"

त्याने मान हलवत ऐकून घेतलं. "दिवाळीच्या आधी. नक्की."

दुसऱ्या दिवशी दोघी दुकानात आल्या. त्या रिकाम्या जागा कापून टाकायच्या, असं बुद्धप्रिया म्हणत होती. सरजाबाईने तिचा हात धरला.

"नको गं. अजून लई इचारायचं हाय मला."

मी खोक्यात होतो, तरी मला त्या माउलीचा श्वास ऐकू येत होता.

मित्रांनो, माझी जाळी पुसली नाही तरी चालेल, वायर गुंडाळली नाही तरी चालेल. व्हिडिओही खुशाल करा. पण कुणाला "विचारा" म्हणाल, तर ऐकायला तिथं हजर राहा.