चांदोबाचा गाल

आमच्या बातम्यांच्या स्टुडिओत रोज दुपारी साडेचारला आवक-जावक विभागातला एक कारकून येऊन निवेदकाच्या खुर्चीत बसतो. बोलत नाही, वाचत नाही, नुसता बसतो. तोंड गोल, रंग दुधासारखा, म्हणून सगळे त्याला चांदोबा म्हणतात आणि त्यालाही ते आवडतं. त्याच्या गालावर दिवे पाडायचे, कॅमेरा त्या गालाला जुळवून घ्यायचा, की झाला त्या दिवसाचा उजेड पक्का. मग सहाच्या बातम्यांना खुर्चीत कोणीही येवो, उजेड चांदोबाच्या गालाचा.

ही पद्धत आमच्या ह्यांची. हे स्टुडिओचे दिवेवाले आणि मी मेकअपवाली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, एकाच स्टुडिओत वीस, म्हणजे भांडायला दोन जागा. आमचे साहेब विभागप्रमुख आहेत आणि मुख्य बातम्याही तेच वाचतात. वीस वर्षांपूर्वी ते कधी वेळेवर यायचे नाहीत (आजही येत नाहीत), म्हणून ह्यांनी त्यांच्याच रंगाचा माणूस शोधून त्याच्यावर दिवे लावायची सोय काढली. सोयीचा पुढे नियम झाला. दिव्यांच्या बटणांवर ह्यांनी लाल रंगाच्या खुणा केल्या, आणि त्या खुणांना हात लावणाऱ्याची काही खैर नाही.

त्या आठवड्यात चारशेवाली आली. चारशे मीटर धावायची, गुडघा गेला, मग शाळेत खेळ शिकवायला लागली. तिथून संध्याकाळच्या खेळांच्या बातम्या वाचायच्या चाचणीला आली होती. चाचणी तीन दिवसांची, बुधवार ते शुक्रवार, आणि शुक्रवारची थेट सहाच्या बातम्यांत. शाळेनं तिची जागा शनिवारपर्यंतच राखून ठेवली होती. पोरगी उंच, हसरी आणि रंगानं आमच्यासारखी. आम्ही दोघं नवराबायको चांगले पक्के काळे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आमच्याकडे पडद्यावर खेळणारे निम्मे आमच्याच रंगाचे असतात, पण त्यांची बातमी सांगणारा आमच्या रंगाचा माणूस मी वीस वर्षांत पाहिला नव्हता. म्हणून मला ती यायला हवी होती. उगाच तोंडदेखलं कशाला बोलू, फार हवी होती.

बुधवारी तिनं सगळे निकाल कागदाकडे न बघता सांगितले. कोण किती सेकंदांनी हरलं, मागच्या वर्षी कोण कुठं होतं, सगळं तोंडपाठ. आवाजही मोकळा. पण पडद्यावर बघावं तर निळ्या भिंतीपुढे दोन डोळे आणि दातांची एक ओळ!

साहेब म्हणाले, "पोरगी हुशार आहे, पण स्क्रीनवर उठत नाही. ताई, गुरुवारी जरा फिकी पावडर लावा."

मी लावली. हुकूम म्हणून लावली, आणि त्याची मला आजही लाज वाटते. चेहरा राखाडी, मान काळी, जशी काही पिठाच्या डब्यात पडून उठली होती. तिनं आरशात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, ही कोण बाई आहे? हिला शेवटच्या शंभर मीटरला चक्कर आलेली दिसते."

मी हसले खरी, पण पावडरचा डबा धाडकन बंद केला. साहेब म्हणाले, "मला रंगाचं काही नाही हो, मला सगळे सारखे. कॅमेऱ्यालाच आवडत नाही, त्याला मी काय करू? उद्याचा दिवस बघू."

घरी जेवताना मी तोंड उघडलं. "अहो, दोष पावडरचा नाही, दिव्यांचा आहे."

दिव्यांना कोणी नावं ठेवली की ह्यांचा घास घशात अडकतो. "नाचता येईना अंगण वाकडं! तुला पावडर जमत नाही तर माझे दिवे वाकडे?"

"मग ती दिसत का नाही?"

"अगं, दिवा कुणाचं तोंड बघून जळतो का? साहेबांना जो उजेड, तोच तिला. एक काडी कमी नाही की जास्त नाही. याहून न्याय म्हणजे काय असतो, सांग!"

यावर मी भांडी जोरात आपटली. सगळ्यांना एकच उजेड, हे ऐकायला किती बरोबर वाटतं! अंथरुणावर पडल्यावर उत्तर सुचलं, पण तोवर हे घोरत होते.

शुक्रवारी दुपारी साडेचारला मी मेकअपची पेटी सोडून सरळ स्टुडिओत गेले. चांदोबा डोळे मिटून प्रसन्नपणे बसला होता.

"भाऊजी, उठा."

"वहिनी, अजून माझी हनुवटी राहिलीये."

"हनुवटीचं सोमवारी बघू. उठा." मग मी ह्यांच्याकडे वळले. "अहो, तुम्ही बसा."

"मी? मी कशाला?"

"हातच्या काकणाला आरसा कशाला? दिवे तुमचे, खुणा तुमच्या, कॅमेरा तुमच्या माणसानं लावलाय. बसा आणि समोरच्या पडद्यावर बघा."

वीस वर्षं त्या खुर्चीवर दिवे टाकणारा माणूस त्या खुर्चीत एकदाही बसला नव्हता. लाजत, शर्ट खाली ओढत हे बसले. पडद्यावर शर्ट आला. अगदी झकास आला, त्याची सगळी बटणं मोजून घ्यावीत. वर चष्म्याच्या काचा चमकल्या. त्यांच्या आजूबाजूला काही नव्हतं.

हे थोडे डावीकडे सरकले. मग उजवीकडे. मग चष्मा काढला, तर पडद्यावर शर्टाच्या वर होतं तेही गेलं.

"अगं," हे हळूच म्हणाले, "मी कुठंय?"

चांदोबा मनाचा भला माणूस, त्याला राहवेना. "दिवेवाले, तुमचा शर्ट मात्र फार सुंदर दिसतोय हं."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मला टोमणा मारायचा होता, रात्रभर जपून ठेवला होता, पण ह्यांचं तोंड पाहिलं आणि गिळून टाकला. हे उठले, शिडी ओढली आणि म्हणाले, "त्या पोरीला बोलाव. आणि तिच्या तोंडाला काही फासू नकोस."

पुढचा तासभर मी माझ्या नवऱ्याला नव्यानं पाहिलं. आधी ह्यांनी नखानं लाल खुणा खरवडून काढल्या. समोरचा दिवा बाजूला नेला, म्हणजे गालाच्या हाडावर उजेड घसरत येईल. मागच्या भिंतीवर एक दिवा सोडला. कॅमेरा तिच्या गालाला जुळवायला सांगितला. मी तिच्या कातडीला फक्त जरासं तेल लावलं. आणि पडद्यावर ती आली! कपाळ, गाल, हनुवटीवरची पडल्याची जुनी खूण, सगळं. नुसती दिसत नव्हती, झळाळत होती. चांदोबानं टाळ्या वाजवल्या.

पावणेसहाला साहेब आले, तिच्या शेजारी बसले आणि किंचाळले, "अरे, मी भूत दिसतोय!"

खरंच दिसत होते, पांढरेफटक. नाक गायब, भुवया तेवढ्या हवेत तरंगत होत्या. बातम्या संपवून साहेब खेळांसाठी तिच्याकडे वळतात, तेव्हा दोघं एका चौकटीत असतात, त्याचा कोणी विचारच केला नव्हता.

"पूर्वीचं लावा," साहेब म्हणाले. "वेळ नाही. वीस वर्षं चाललं ना व्यवस्थित?"

चारशेवालीनं कागद आवरायला घेतले. तिला अशी वाक्यं नवी नसावीत. पण हे शिडीवर चढलेच होते. "साहेब, दहा मिनिटं द्या. तुमचं नाक परत आणून देतो, पण हिचं घेणार नाही." साहेबांच्या डोक्यावरच्या दिव्यापुढे ह्यांनी उजेड कमी करणारी बारीक जाळी लावली, मग आणखी एक, आणि नाक आलं. भुवया जागेवर बसल्या. एका चौकटीत दोन माणसं, प्रत्येकाला आपापला दिवा, आणि दोघंही माणसांसारखी. घड्याळात सहाला दोन मिनिटं कमी होती.

तिनं वाचलं. वाचलं कसलं, सांगितलं! मुलींच्या रिलेचा निकाल सांगताना तिच्या डोळ्यांत जे आलं ते घराघरांत दिसलं असणार, कारण आता डोळ्यांभोवती चेहरा होता. मी दाराआड उभी राहून रडले. आनंदानं रडले आणि रागानंही रडले. त्यात कशाचं किती होतं, ते मला सांगता येणार नाही.

बातम्या संपल्यावर साहेब खुशीत होते. "सोमवारपासून या. बघा ताई, पोरगी तीन दिवसांत किती सुधारली!"

हे साहेबांशी कामाखेरीज कधी चार शब्द बोलत नाहीत. पण बोलले. "ती नाही सुधारली साहेब. बुधवारी होती तशीच आहे. चूक माझी होती."

साहेबांनी आपले कागद उचलले. मग "असं होय," म्हणाले आणि निघून गेले. चारशेवाली मात्र शिडीपाशी आली आणि ह्यांचा हात धरून इतका हलवला की शिडीही हलली. "काका, गुडघा गेल्यापासून पहिल्यांदा जिंकले मी!"

मला वाटलं, झालं, संपलं. पण रविवारी सकाळी चहा पिता पिता हे एकदम म्हणाले, "अगं, हिच्या आधी किती जणांना 'उठत नाही' म्हणून परत पाठवलं?"

मी बोटांवर मोजलं. हवामान वाचायला आलेली एक, बातमीपत्राला आलेले दोघं, मुलांच्या कार्यक्रमाची एक, आणखी एक. हाताची पाचही बोटं संपली. मी प्रत्येकाचा नंबर लिहून ठेवते, ती माझी सवय. वही काढली आणि पहिला नंबर लावला. ती आता गाडी चालवायला शिकवते. तिनं फोन उचलला तसा ह्यांनी तो माझ्या हातातून घेतला.

"मी स्टुडिओतला दिवेवाला बोलतोय. अकरा वर्षांपूर्वी तुम्ही हवामान वाचायला आला होतात. तुमचं काही चुकलं नव्हतं. माझे दिवे चुकले होते."

मग ती इतकी मोठ्यानं हसली की मला टेबलापलीकडे ऐकू आलं. "अहो काका! त्यानंतर दोन वर्षं मी तोंडाला गोरं करायचं क्रीम चोळत होते!"

ती हसत होती. ह्यांना हसता आलं नाही. ह्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "उद्या दुपारी साडेचारला मोकळ्या आहात का?"

"साडेचारला एक शिकाऊ आहे, तो रोज कुंपणाला गाडी धडकवतो. पाचला चालेल?"

"चालेल. दिवे लावून थांबतो."

फोन ठेवला. चहा गार झाला होता, पण ह्यांनी कपाकडे पाहिलंही नाही. वही माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "पुढचा नंबर सांग."