न मोडलेली लाल रेघ

फसवणाऱ्याने लाजावे, हे नीतीचे सर्वमान्य वचन आहे. परंतु संसारात पुष्कळदा असे घडते, की फसवणारा निर्धास्त वावरतो आणि फसलेलाच मान खाली घालून हिंडतो. ती लाज झाकण्यासाठी तो मौन धरतो, आणि त्या मौनाचा भार तिसऱ्याच कुणा निरपराध्याच्या खांद्यावर जाऊन पडतो. नॉर्थ डकोटातल्या एका लहानशा गावी ओर्लिन फॉसम यांच्या हातून घडले, ते याहून अधिक काही नव्हते; आणि याहून कमीही नव्हते.

त्या सकाळी ओर्लिन आपल्या अंगणातल्या खडीवर उताणे पडले होते. डोके पिकअप ट्रकच्या मागच्या ॲक्सलखाली, पाय उन्हात.

"सापडलं का काही?" पत्नी लाव्होन दारातून म्हणाली. "की झोप लागली? उशी आणून देऊ?"

"बघतोय नुसतं."

"कालच तर दुरुस्त होऊन आलाय. त्यात काय बघायचं?"

ओर्लिन यांनी चाकामागे बोट फिरवले. उजव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने पुन्हा तेल ओघळले होते. ॲक्सलमधले तेल अडवून धरणारी रबरी कडी, म्हणजे ऑइल सील, निकामी झाले की असे होते, आणि ते तेल ब्रेकच्या लायनरवर उतरले की ब्रेकचा भरवसा उरत नाही. गावातल्या डीलरच्या वर्कशॉपमध्ये ट्रक दोनदा जाऊन आला होता. दोन्ही वेळा 'सील बदलले' असेच सांगण्यात आले होते.

दुसऱ्या खेपेआधी ओर्लिन यांनी एक गोष्ट केली होती, आणि ती पत्नीपासूनही लपवली होती. या ट्रकचे सील बदलायचे, तर ॲक्सलच्या मध्यावरच्या गोल पेटीचे झाकण काढावेच लागते. त्यावाचून आतला दांडा बाहेर येत नाही. कोठारासाठी आणलेल्या लाल रंगात काडी बुडवून त्यांनी झाकणाच्या प्रत्येक बोल्टवरून थेट झाकणापर्यंत एकेक बारीक रेघ ओढली होती. बोल्ट जरा जरी फिरला असता, तरी रेघ मोडली असती.

सगळ्या रेघा अखंड होत्या.

आश्चर्य असे, की त्यांना प्रथम संताप आला नाही, लाज वाटली. ज्या गावात लोक ट्रकला किल्ली तशीच ठेवून प्रार्थनेला जातात, त्या गावात आपण चोर पकडायला सापळा लावावा? आणि तोही कर्टिस हॉगनसाठी? वर्कशॉपच्या खिडकीवर बसणारा हा कर्टिस लहानपणी त्यांच्याच बसमधून शाळेत जात असे. ओर्लिन यांनी उभी हयात शाळेची बस चालवण्यात घालवली. हिमवादळ असो वा धुके, बस निघण्यापूर्वी ते हातात दिवा घेऊन तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालीत, प्रत्येक चाकापाशी वाकून पाहत, आणि मगच दार उघडीत. देवळाभोवतीही माणूस इतक्या निष्ठेने फिरत नसेल.

ते वर्कशॉपवर गेले. बोलायचेच, असे ठरवून गेले.

"या, मिस्टर फॉसम!" कर्टिस उठून उभा राहिला. "कॉफी घ्या."

"नको रे, आत्ताच झाली."

"अहो, घ्या की."

"कशाला उगीच त्रास."

"ओतलीसुद्धा!"

"बरं, मग अर्धा कप."

त्या गावची ही रीतच आहे. पहिले आमंत्रण सभ्यतेचे, दुसरे आग्रहाचे. खरे उत्तर तिसऱ्या वेळी द्यायचे. सुखदुःखाचेही तसेच. कुणी विचारल्याबरोबर गाऱ्हाणे सांगणारा माणूस तिथे उथळ समजला जातो.

"ट्रक काय म्हणतोय?" कर्टिसने विचारले.

"चाललाय."

"काही अडचण नाही ना?"

"तशी काही नाही."

ओर्लिन कप हातात धरून थांबले. आता हा तिसऱ्यांदा विचारील, आणि मग आपण सांगू. परंतु कर्टिसने नजर वळवली आणि मागच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "बोला, तुमचं काय?" तिसरा प्रश्न आलाच नाही. ओर्लिन यांनी कॉफी संपवली, कप धुऊन ठेवला आणि ते घरी परतले.

दुसऱ्याच दिवशी शेजारची आर्डिस आली. तिला जिल्ह्याच्या जत्रेत आपली घोडी न्यायची होती, आणि तिचा ट्रक बंद पडला होता.

"तुमचा मिळेल का एक दिवस?"

"मागं जरा तेल दिसतंय," ओर्लिन म्हणाले.

"म्हणजे नेऊ नको का? तसं असेल तर सांगा, मी बघते दुसरीकडे."

इथे सांगायचे होते. परंतु सांगायचे म्हणजे रेघांचेही सांगायचे. आपण फसलो हे सांगायचे, आणि गप्प बसलो हेही.

"छे, छे. ने की," ते म्हणाले, आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली. ट्रकभोवती त्यांनी त्या दिवशी प्रदक्षिणा घातली नाही.

रेल्वे फाटकाआधीच्या उतारावर आर्डिसने ब्रेक दाबला. ब्रेकने एक चाक धरले, दुसरे तेलामुळे निसटले; ट्रक फिरून खंदकात उतरला आणि मागे जोडलेली घोड्याची गाडी घोडीसकट कलंडली. घोडीचा पुढचा पाय गुडघ्यापर्यंत चिरला. आर्डिसचे मनगट मोडले.

संध्याकाळी ती आली, तेव्हा एक हात गळ्यात बांधलेला होता आणि दुसऱ्या हातात लिंबाच्या वड्यांची थाळी होती.

"मला माफ करा, ओर्लिन," ती म्हणाली. "ब्रेक मीच वेडावाकडा मारला असणार. तुमचा ट्रक खराब केला मी."

लाव्होन म्हणाली, "अगं बाई, हात मोडलाय तुझा, आणि तू वड्या कसल्या करत बसलीस?"

"एका हातानं येतात की. जरा वाकड्या कापल्या गेल्यात एवढंच."

ओर्लिन यांनी एक वडी उचलली आणि पुन्हा थाळीत ठेवली. शिव्या मिळाल्या असत्या, तर त्या त्यांनी सुखाने झेलल्या असत्या.

ओढून आणलेला ट्रक वर्कशॉपमध्येच उभा होता. सकाळी ओर्लिन खिडकीपाशी गेले, तेव्हा बाकावर चार माणसे बसलेली होती.

"ऐकलं मी, मिस्टर फॉसम. वाईट झालं. कॉफी देतो."

"नको."

"घ्या हो थोडी."

"नको."

"ओतलीय मी."

"नको, कर्टिस."

बाकावरची कुजबुज थांबली. तिसरे 'नको' त्या गावात कुणी कुणाला म्हणत नसे. कर्टिसने कप खाली ठेवला. मग आवाज उतरवून त्याने विचारले, "काय झालंय? खरं सांगा."

"झाकणाच्या बोल्टांवर लाल रेघा आहेत," ओर्लिन म्हणाले. "मीच ओढल्यात, चोरून. तुझ्यावर विश्वास ठेवला नाही, तो माझा दोष. रेघा मोडल्या नाहीत हे बघूनही आर्डिसला किल्ली दिली, तो त्याहून मोठा दोष. तेवढं सांगायला आलो. बाकी तू बघ."

कर्टिस खिडकीपासून वळला. तो आत गेला. काचेतून ओर्लिन यांना दिसले, की तो वर उचललेल्या ट्रकखाली उभा आहे, आणि अंगठ्याने एकेक रेघ चाचपतो आहे. आंधळा मनुष्य अक्षरे चाचपतो तशी. परत आला तेव्हा अंगठा लाल झालेला नव्हता. रंग केव्हाच वाळला होता.

"दोन्ही वेळा उघडलं नाही," बाकावरच्या सर्वांना ऐकू जाईल असे तो म्हणाला. "काम तुंबलं होतं. 'नुसतं पुसून द्या', असं पोरांना मीच सांगितलं. तुम्ही परवा आलात तेव्हाच मला कळलं होतं. म्हणून तर पुढचं विचारलं नाही."

"मी वाट बघत होतो," ओर्लिन म्हणाले.

"माहीत आहे."

ते काम कर्टिसने स्वतःच्या हातांनी केले. सील बसते तिथे दांडा झिजून खाच पडली होती. म्हणून दांडाही बदलला, लायनरही बदलले. मग ट्रक बाहेर काढून तो खाली उतरला, आणि किल्ली देण्याआधी ट्रकभोवती सावकाश चालत गेला. प्रत्येक चाकापाशी वाकला. लहानपणी बसच्या थांब्यावर कुडकुडत त्याने जे रोज पाहिले होते, तेच हे. ओर्लिन यांनी मान वळवली. डोळ्यांत पाणी आलेले त्यांना दाखवायचे नव्हते.

दोघे मिळून आर्डिसच्या दारी गेले. टोप्या हातात घेऊन दोघांनी आपापले सांगितले. कुणी दुसऱ्याचे सांगितले नाही. तिने तबेल्याकडे पाहिले. "मला आधी सांगायला हवं होतंत," एवढेच ती म्हणाली. त्या शब्दांत राग होता, आणि तो तिने लपवला नाही. मग आत जाऊन तिने विचारले, "कॉफी?"

दोघांनी नको म्हटले. तिने पुन्हा विचारले. पुन्हा नको म्हटले. मग ती थांबली. इतकी थांबली, की ओर्लिन यांना आपल्या टोपीची कड बोटांत दुमडलेली कळली.

"ओतू का?" ती म्हणाली.

त्या मुक्या घोडीची जखम भरून येवो. त्या मनगटाला पूर्ववत बळ येवो. आणि ज्यांना वेळेवर बोलता आले नाही, त्या सर्वांना कुणीतरी तिसऱ्यांदा विचारणारे भेटो.